समोरच्या खुर्चीवरचा कोट

मी कोट बोलतोय, आणि तोही उसना. न्यू ऑर्लिन्समधल्या ज्या रेस्टॉरंटात मी राहतो, तिथे पुरुषाला कोटाशिवाय आत घेत नाहीत. बाहेर डांबर वितळत असलं तरी नाही. इथून सुटणाऱ्या समुद्रसफरीच्या बोटीवर चढण्याआधी एक दिवस शहरात थांबलेला, बॅगेत नुसते टी-शर्ट कोंबून आणलेला पाहुणा मग दारात ओशाळतो. त्याच्यासाठी आतल्या खुंट्यांवरून आमच्यापैकी एकाला उतरवतात. आम्ही सात जण आहोत. मी सगळ्यात मागच्या खुंटीवर असतो, आणि त्याला कारण आहे.

१९६२ साली रँपार्ट स्ट्रीटवरच्या फर्रारा शिंप्याने मला शिवलं. निळ्या-पांढऱ्या बारीक रेघांचं, मुळातच चुरगळल्यासारखं दिसणारं सुती कापड. इथले सभ्य लोक उन्हाळाभर हेच घालतात. फर्रारा तोंडात टाचण्या धरून बोलायचा. "आतला खिसा खोल ठेवतोय, लँड्रीसाहेब. बटणही लावतो. माणसाकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच."

माझे मालक ऑक्टाव्ह लँड्री, साखरेचे दलाल. मोठ्याने हसणारे, वेळेच्या आधी पोचणारे. त्यांची बायको युलाली नेमकी उलट, कुठेही उशिराच यायची. दोघं बोटीने लांबच्या सफरीला निघणार होते. आदल्या दिवशी काहीतरी बिनसलं, आणि ती बहिणीकडे निघून गेली. तिचा एक हातमोजा गाडीत राहिला होता, पांढरा, मनगटाशी मोत्याचं बटण असलेला. मालकांनी तो उचलून माझ्या खोल खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारचं दुपारचं जेवण म्हणजे आमच्याकडे सणच. साडेअकराला बसलेली माणसं चारपर्यंत उठत नाहीत. मालक एकटेच आले. इथे पाहुणा एकटा असला की वेटर समोरचं ताट-ग्लास लगेच उचलतो, रिकाम्या ताटाकडे बघत कुणाला जेवायला लागू नये म्हणून. त्या दिवशीही वेटर पुढे झाला.

"ते राहू द्या," मालक म्हणाले. "ती येईल. हिरव्या टोपीत असेल. उशीर हा तिचा जन्माचाच."

बोट पाचला सुटणार होती. दोन वाजले, अडीच वाजले. मालकांनी मला काढून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "जागा धरून ठेव रे. कोपऱ्यापर्यंत बघून येतो."

ते परत आले नाहीत. तीही आली नाही. पाच वाजता नदीवरून भोंगा ऐकू आला. मी खुर्चीवरच होतो.

वर्षभर कुणी न्यायला आलं नाही की राहिलेला कोट आमच्याकडे घरचा होतो, तसा मीही झालो, आणि खिशातला हातमोजा कुणी हलवला नाही. कपड्याला दुसरं काय येतं? सांगितलेलं काम तेवढं करता येतं. मी जागा धरून ठेवली. पण एकट्या माणसाने मला घातलं की समोरच्या रिकाम्या जागेत त्याला त्याचंच गेलेलं माणूस दिसायला लागतं. हे मी करतो की आपोआप होतं, ते मला माहीत नाही. तो वेटरला म्हणतो, ताट राहू द्या. मग कुणाशी तरी हळू आवाजात बोलतो. पुढे ते समोरचं माणूस उठून बाजूच्या दाराकडे जातं आणि हाही उठतो, मला समोरच्या खुर्चीवर अडकवतो आणि मागोमाग जातो. अठ्ठ्याहत्तर साली ओहायोचा एक दातांचा डॉक्टर गेला. शहाण्णव साली टोरांटोहून आलेला एक म्हातारा गेला. दोघांच्या बोटी त्यांच्याविना सुटल्या आणि हॉटेलात बॅगा तशाच पडून राहिल्या. पोलीस आले, बाजूचं दार उघडून गल्ली बघून गेले.

त्या म्हाताऱ्याला पर्सिव्हलने वाढलं होतं. पर्सिव्हल म्हणजे आमचा सगळ्यात जुना वेटर. काही घराण्यांना तिसऱ्या पिढीतही तोच लागतो, दुसऱ्याने आणलेला पाव त्यांना गोड लागत नाही. त्या दिवसापासून त्याने मला मागच्या खुंटीवर टाकलं. "तू आपला इथे बरा," म्हणाला. मला राग आला नाही. त्याचं बरोबरच होतं.

गेल्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी नॉरीनबाई आल्या. मिनेसोटाच्या डुलुथ गावच्या, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना बोटीवर चढायचं होतं. अंगात घरी विणलेलं पातळ जाकीट होतं, तरी आमच्या एसीने त्या कुडकुडत होत्या.

"मिनेसोटाच्या असून थंडी वाजते?" पर्सिव्हलने विचारलं. "गावी सांगू नका, मिस नॉरीन, परत घेणार नाहीत."

"आमच्याकडे थंडी निदान बाहेर असते हो. तुम्ही ती विकत घेऊन घरात ठेवता."

तो हसत सूप आणायला गेला. सफर नवऱ्याबरोबर ठरली होती, हे त्यांनी त्याला बसताबसताच सांगितलं होतं. रॉय मार्चमध्ये गेला. त्याने कधी समुद्र पाहिला नव्हता. मुलगी म्हणाली तिकीट परत कर. या म्हणाल्या, दोघांच्या वाटचा मी बघून येईन.

नेमकं तेव्हाच मॅनेजरसाहेबांना त्या कुडकुडताना दिसल्या. शुक्रवार असल्याने बाकी सहा कोट कुणाकुणाच्या अंगावर होते. साहेबांनी मोठ्या प्रेमाने मला आणून त्यांच्या खांद्यांवर टाकलं.

पर्सिव्हल कासवाचं सूप घेऊन आला आणि मला बघून जागीच थांबला. सूप त्याने टेबलावर ठेवलं. तो समोरचं ताट उचलायला वाकला.

"ते राहू द्या," नॉरीनबाई म्हणाल्या.

आजूबाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं चाललं होतं. पलीकडच्या टेबलावर दारू घातलेली कॉफी पेटवली होती, निळी ज्योत संत्र्याच्या सालीवरून उतरत होती. भर दुपारच्या त्या गोंगाटात नॉरीनबाई समोरच्या खुर्चीला सांगत होत्या की बॉयलरचं झाकण मी बदलून घेतलं, काळजी करू नकोस. त्यांचे खांदे माझ्याखाली हळूहळू सैल होत गेले. मला माहीत होतं पुढे काय होणार, आणि मला ते नको होतं. या बाईने समुद्र बघायला हवा होता.

"रॉय सिगारेट ओढायला बाहेर गेलाय," त्या पर्सिव्हलला म्हणाल्या. "डॉक्टरने बजावलं होतं. मी बघून येते."

त्या उठल्या. मला खांद्यावरून काढलं आणि समोरच्या खुर्चीकडे नेलं. साठ वर्षांत मी कधी माझं काम टाळलं नव्हतं. त्या दिवशी टाळलं. माझ्या बाहीचं बटण त्यांच्या जाकिटाच्या विणीत अडकवलं आणि सोडलं नाही. त्यांनी ओढलं तशी लोकर उसवत आली.

"थांबा, थांबा. मी सोडवतो," पर्सिव्हल म्हणाला. त्याने त्यांना बसवलं, मला परत त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि बाजूच्या दाराकडे एकदा बघितलं. मग त्याने एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीत कधीच केलं नव्हतं ते केलं. समोरची खुर्ची ओढून घेतली आणि पाहुण्यासमोर बसला. मॅनेजरसाहेब दुरून बघत राहिले.

"ती रॉयची जागा आहे," नॉरीनबाई पुटपुटल्या.

"होती. आता मी बसलोय. बटण निघेपर्यंत बोला माझ्याशी. बस चालवताना सगळ्यात व्रात्य कोण होतं?"

त्यांनी बाजूच्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "ओल्सनांची जुळी. एकदा बसमध्ये जिवंत मासा सोडला होता." आणि रडायलाच लागल्या. पर्सिव्हल धागा न तोडता बटण सोडवत होता, मुद्दाम सावकाश. त्याच सुमारास माझ्या आतल्या खिशाशी गार झुळूक आल्यासारखं वाटलं. एसीची असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

त्यांनी ब्रेड पुडिंग पूर्ण खाल्लं. साडेतीन वाजता मोठ्या दाराने, टॅक्सीत बसून गेल्या. पर्सिव्हलने मला खुंटीवर टांगलं आणि हलकेच म्हणाला, "शाबास रे." इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मीही मनातून सुखावलो होतो.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. वर निळा समुद्र. पर्सिव्हल जेवणघर रिकामं झाल्यावर खुंट्यांपाशी उभा राहून वाचत होता, मलाच ऐकवत होता बहुतेक.

"समुद्र पाहिला, दोघांच्या वाटचा. तुम्ही समोर बसलात त्याचे उपकार विसरणार नाही. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तुमच्या खुर्चीमागे हिरव्या टोपीतली एक बाई सगळा वेळ जागेसाठी उभी होती. एका हातात पांढरा हातमोजा होता, दुसरा हात उघडा. जाताना तिने माझ्या खांद्यावरच्या कोटाच्या खिशात हात घातला. मला वाटलं तिचाच कोट असेल, म्हणून बोलले नाही. ती कुणाची वाट बघत होती? तिला जागा मिळाली का?"

पर्सिव्हलने कार्ड खाली ठेवलं आणि माझ्या आतल्या खिशात हात घातला. बटण उघडं होतं. हातमोजा नव्हता.

आता तो रोज कामावर आला की मला खुंटीवरून काढतो, त्याच टेबलाच्या समोरच्या खुर्चीवर अडकवतो आणि तिथे ताट मांडतो. त्या टेबलावर कुणाला बसवत नाहीत. मॅनेजरसाहेबांनीही विचारणं सोडलं. मी ज्या एका दुपारी जागा सोडली, त्याच दुपारी युलाली आली. नॉरीनबाईंनी समुद्र बघितला याचं मला वाईट वाटत नाही, आणि पुन्हा तसंच झालं तरी मी बटण अडकवीनच. पण मालक परत आले तर त्यांना काय सांगू, हे मला अजून सुचलेलं नाही.

बोटीआधी एक दिवस या शहरात थांबलात आणि गल्लीत हिरव्या टोपीतली बाई दिसली, तर तिला एवढंच सांगा की जागा रिकामी आहे. उशीर झाला असला तरी चालेल.