काळ्यावरची तीट

भट्टी तापायला लागली आणि प्रणोतीला आईचा फोन आला.

"ठेवली का गं ती पत्री? काल तू झोपल्यावर मी तिला काजळाची तीट लावून दिली. एवढी मेहनत करून राहिली तू, नजर काहून लागू द्यायची?"

प्रणोतीने वळून भट्टीकडे पाहिलं. पत्री आतच होती. रुपयाच्या नाण्याएवढी ती टंगस्टनची पत्री. तिच्यावर प्रणोतीने तीन वर्षं खपून सुयांचं रान उगवलं होतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांचं. प्रकाश त्यात शिरला की परत फिरायचा नाही, म्हणून पत्री काळीकुट्ट दिसायची. तिच्यावर फुंकर मारायचीही प्रणोतीला भीती वाटे, आणि माउलीने खुशाल बोट टेकवलं! काळ्यावर काळं, सकाळी डबी उघडून पाहिलं तेव्हा कळणार तरी कसं?

नागपूरहून तपासून आणलेली ही एकच पत्री धड उरली होती. ती आधी प्रयोगशाळेत जमा करायची, हा नियम. पण गाडी उशिरा आली आणि प्रणोतीबाई डबी घेऊन सरळ घमापुरला आईकडे, घरी गेल्या. तिचे मार्गदर्शक चंद्रशेखर सर, त्यांना हे कळलं तर पीएच.डी.वर पाणी सोडावं लागणार होतं. नियमाच्या बाबतीत सर कुणाचे नव्हते.

भट्टी मध्येच उघडता येत नव्हती. तापलेल्या धातूला हवा लागली असती तर सगळंच गेलं असतं. सर खुशीत चहा पीत होते. "आठशे डिग्री झेललं ना हिने, की समज आपण जिंकलो."

सांगावं का? सांगू, चहा तर होऊ दे त्यांचा. असं करता करता भट्टी निवलीसुद्धा.

सरांनी चिमट्याने पत्री बाहेर काढली. सगळी काळी, पण कडेला एक डाग लख्ख चकाकत होता. बोटाच्या टोकाएवढा. काजळ उडून गेलं होतं आणि बोटाखाली चेपलेल्या सुयांच्या जागी नुसता धातू उरला होता.

सरांचा चेहरा उतरला. "कोणी हात लावला होता का? सच बता, प्रणोती. हात लागला असेल तर ठीक, दुसरी पत्री करू. नसेल, तर ही उष्णता झेलतच नाही. मग काम इथंच बंद."

खरं अगदी ओठांवर आलं होतं, पण ती सरांच्या डोळ्यांकडे बघून घाबरली.

"नाही सर. कोणीच नाही."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी काही चूक नाही, बेटा," ते म्हणाले आणि त्यांनी पत्री टाकाऊ नमुन्यांच्या डब्यात टाकली.