भूरीखोदऱ्याचा भांजगडा

"हात नको लावू त्याला. डोळा मिटलेला हाय."

गंगूबाई खालून ओरडल्या आणि थावरीचा हात फांदीवरच थांबला. थावरी त्यांची जाऊ. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातली प्लास्टिकची रिंग त्या सीताफळावर धरली. फळ रिंगेतून गेलं नाही.

"सात सेंटीमीटरच्या वर आहे, काकी. तोडायचं."

"मोठं हाय, तयार नाय. वर्षाची पारडी अंगानं मोठी दिसली म्हणून बाल्टी घेऊन दूध काढायला बसशील का तू?"

उतारावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. गंगूबाईंचं बोलणं अर्धं भिली, अर्धं हिंदी. ते मी माझ्या भाषेत लिहिते आहे, त्यामुळे त्यातली धार थोडी गेली असणार.

डोळा म्हणजे सीताफळाच्या दोन खवल्यांमधली फट. फळ तयार झालं की ती रुंदावते आणि आत पिवळट पांढरी रेघ दिसते. मग तोडलेलं फळ चार दिवसांत मऊ होतं. हे मला त्या सकाळी तीन वेळा सांगण्यात आलं. पण माझ्या कागदावर वजन, व्यास, डाग असे रकाने होते. डोळ्याला रकाना नव्हता.

"कागद कोणी लिहिला?" गंगूबाईंनी विचारलं.

"मी."

"मग तोड गं थावरी. कागदवाली बेन समोरच उभी हाय."

कंपनीला गुरुवारपर्यंत चाळीस क्रेट हवे होते. बायका तीन दिवस टेकडी चढल्या, उतरल्या. ऊन अजून कडक होतं, मुरूम पायाखालून घसरत होता. थावरीच्या टाचेत काटा मोडला तो निघालाच नाही. ती चवड्यावर चालत राहिली.

मानपूरच्या पुढची ही टेकडी दोन वर्षांपूर्वी वनहक्क कायद्याखाली भूरीखोदरा गावाच्या नावावर झाली. त्याआधी दरवर्षी एक सेठ सीताफळाचा ठेका घ्यायचा आणि ह्याच बायका आपल्या टेकडीवर त्याची मजुरी करायच्या. आता गावच्या बायकांच्या गटाने आमच्या कंपनीशी सरळ करार केला होता. मधे सेठ नाही. असा करार ह्या भागात पहिलाच, त्यामुळे शेजारची चार गावं बघत बसली होती. सेठही बघत होता.

माल गेल्यावर पाचव्या दिवशी मला कंपनीच्या गर काढण्याच्या युनिटवर बोलावलं. क्रेट उघडे होते. निम्म्याहून जास्त फळं दगडासारखी, साल काळी पडलेली. सुरी घातली की कर्र आवाज यायचा. खरेदी बघणारे दिवाकरजी कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बघ, ही तुझी महिला मंडळी. कच्चा माल ठोकून दिला."

ते मला गाडीत घालून शहरातल्या पलासियाच्या ऑफिसात घेऊन आले. वाटेत सिग्नलवर अडकल्यावर म्हणाले, "दोन ओळी लिहून दे. गटाने अपरिपक्व माल पुरवला. क्लॉज नऊ लागतो, करार संपतो."

"आणि मग?"

"मग काय? सेठ आहे ना. पंधरा वर्षं माल देतोय, कधी झंझट नाही."

मी दोन दिवस मागितले आणि पुन्हा टेकडीवर गेले. साठ फळांचा व्यास आणि डोळा तपासला. नाल्याकाठची फळं पाण्यामुळे लवकर फुगतात, पण उशिरा तयार होतात. वरच्या उतारावरची लहान असतात आणि आधी तयार होतात. रिंगेने मी नेमकी कच्ची निवडली होती आणि तयार होती ती झाडावर सोडली होती. सात सेंटीमीटरचा आकडा मी बागेतल्या, पाणी दिलेल्या झाडांवरच्या एका अहवालातून उचलला होता. तिथे तो बरोबर असेल.

मी दोन ओळींऐवजी दोन पानं लिहिली. निकष चुकीचा होता, तो मी ठरवला, गटाने तोडणीच्या वेळीच हरकत घेतली होती.

दिवाकरजींनी पानं वाचली, चष्मा काढला. "अगं अनुश्री, तू ट्रेनी आहेस. कशाला अंगावर घेतेस? हे असं लिहिलंस तर कंपनी चुकली असं होतं."

"कंपनी चुकलीच आहे."

त्यांनी चष्मा पुसला आणि पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. वाईट माणूस नव्हता तो. थकलेला होता. वरून कोणीतरी त्यांनाही दोन ओळी मागत असणार.

शेवटी त्यांनी वाट काढली. करार राहील, बायकांना तीन दिवसांच्या कामाचे आणि गेलेल्या फळांचे पैसे मिळतील, पण कागदावर 'आदिवासी भगिनींना सहायता राशी' असं असेल. सोबत एक बॅनर आणि फोटो.

शनिवारी आम्ही भूरीखोदऱ्यात गेलो. ग्रामसभेच्या ओट्यावर तीसेक बायका बसल्या होत्या, मागे काही पुरुष. दिवाकरजींनी हसून हात जोडले आणि पत्राला लावलेला चेक पुढे केला. गंगूबाईंनी तो घेतला नाही.

"यावर काय लिवलंय? वाच, बेन."

मी वाचलं.

"सहायता," गंगूबाई म्हणाल्या. "सहायता कोणाला देतात, भिया? ज्याचं घर जळलं, ज्याचा बैल मेला. आमचा कोण मेला?"

"काकी, शब्दाचं काय एवढं? रक्कम तीच आहे."

"मग शब्द आमचा लिव. रक्कम तीच हाय."

थावरीने मला समजावलं, दिवाकरजींना ऐकू जाईल अशा बेताने. इथे दोघांत वाद झाला की भांजगडा बसतो. ज्याची चूक, त्याने ती सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायची आणि दंड भरायचा. तोंडाने सांगितलं नाही तर दंड घेत नाहीत. तसा घेतला तर ती भीक होते, आणि वाद तसाच राहतो.

"दंड लिहिता येणार नाही मला," दिवाकरजी हळू आवाजात म्हणाले. "माझी नोकरी जाईल, बाई."

"तर मग घेऊन जा. टेकडी हायच. सेठ पण हायच. त्याच्याकडे परत मजुरी करू. त्यानं कधी सहायता दिली नाय, एवढं बरं."

कोणी हसलं नाही. मी उभी राहिले. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही."

"तुझं झालं. बस." गंगूबाईंनी दिवाकरजींकडे बघितलं. "पण करार तुझ्याशी नाय, बेन."

एक शेळी ओट्यावर चढली, तिला कोणीतरी हाकललं. दिवाकरजींनी बॅनरची गुंडाळी ड्रायव्हरकडे दिली. मग खिशातून पेन काढलं, पत्रावरचे 'सहायता राशी' हे शब्द खोडले, वर 'नुकसान भरपाई, कंपनीच्या चुकीमुळे' असं लिहून सही केली. अक्षर वाकडं आलं.

"चूक आमची झाली," ते म्हणाले.

"मागच्या बायांना ऐकू नाय आलं," थावरी म्हणाली.

"चूक आमची झाली!"

आता मात्र हशा झाला. गंगूबाईंनी चेक घेऊन पदरात बांधला आणि एक ताट फिरायला लागलं. त्यात गुळाचे खडे होते. दिवाकरजींनी शुगर आहे म्हणत एक लहानसा घेतला. थावरीने ताट परत त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मोठा घेतला.

ऊन उतरायच्या आधी बायका रिकामे क्रेट डोक्यावर घेऊन निघाल्या. वरची फळं थांबणार नव्हती. गाडी दिवाकरजींना घेऊन गेली. मी थावरीच्या मागोमाग चढत होते. ती अजून लंगडत होती.

"थावरीबाई, खरंच, त्या तीन दिवसांबद्दल मला..."

ती वळली. "गूळ खाल्लास ना?"

"हो."

"मग वाद मिटला. आता ते परत काढायचं नाय. आता तू काढलंस तर दंड तुला." तिने एक क्रेट माझ्या डोक्यावर ठेवला आणि पुढे चालू लागली.