रक्तपेढीतला चौकोनी पडदा

मित्रांनो, रक्तपेढीत खिडकीजवळच्या टेबलावर एक जुना संगणक आहे. त्याचा चौकोनी पडदा म्हणजे मी. कारखान्यात माझ्या अंगात दिवे बसले, वर काच चढली आणि खोक्यातून मी थेट इथे आलो. तेव्हापासून दोनच गोष्टी पाहत आलोय: रक्ताच्या पिशव्यांचे अहवाल, आणि ते वाचणाऱ्या ताईंचे डोळे.

ताई इथल्या प्रमुख. शीतपेटी सांभाळणारे मामा रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत. "म्हातारा अजून ठणठणीत आहे हं!" म्हणत, आणि मी आतल्या आत फुलून जाई. माझ्या तळाशी, काचेवरच, ताईंनी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर रक्तदात्यांचे फोन नंबर लिहिले होते. तिथे एरवी काही उमटतच नसे, म्हणून ती कोणाला खुपली नाही.

मग एका सोमवारी अहवालाचं सॉफ्टवेअर नवं झालं. मंगळवारी भर दुपारी प्रसूती विभागातून सिस्टरचा फोन आला.

"ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. पळवा!"

मामांनी पिशव्या काढल्यासुद्धा. पण पिशवी तपासून झाली की नाही, ते अहवालाच्या शेवटच्या रकान्यात असतं. ते वाचल्याशिवाय पिशवी दाराबाहेर जात नाही, आणि नव्याने तपासायला तास गेला असता. ताईंनी अहवाल उघडला. पिशवीचा नंबर दिसला, गट दिसला, तारीख दिसली. शेवटचा रकाना मात्र माझ्या उजव्या काठापलीकडे गडप!

ताईंनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

"बंद करून चालू करा," तो म्हणाला. केलं. "अक्षरं लहान करा." केली. अक्षरं मुंग्यांएवढी झाली, रकाने होते तेवढेच राहिले. "छापून बघा." कागदही उजवीकडून कापलेलाच आला.

"मॅडम, तुमचा पडदाच जुना. आता रुंद पडदे आलेत. हा भंगारात द्या."

"भंगारात दिला की बाई वाचेल का? आत्ताचं बोला!"

"बरं, तळाशी आडवा स्क्रोलबार असेल. तो उजवीकडे ओढा."

"इथे काही नाहीये हो."

"असायलाच हवा."

"मग मी काय आंधळी आहे?"

होता, मित्रांनो, तो होता! ताईंच्याच चिकटपट्टीमागे होता. मला दिसत होता, पण मला तोंड कुठलं? मी नुसता उजळत राहिलो. ताईंनी फोन ठेवताच तो पुन्हा खणखणला, प्रसूती विभागातूनच.

"ही मुंग्यांची रांग उन्हात कशी वाचणार तुम्ही?" म्हणत मामांनी खिडकीची झडप ओढली. खोली अंधारली. माझा उजेड पांढऱ्या चिकटपट्टीतून आरपार आला, आणि नंबरांच्या मागे एक करडी रेघ उमटली.

"ताई... नंबरांच्या मागे काय आहे ते?"

ताईंनी चिकटपट्टी टरकन ओढली. स्क्रोलबार! तो उजवीकडे सरकला, आणि लपलेला रकाना पुढे आला: दोन्ही पिशव्या, तपासणी पूर्ण.

मामा कधी धावले ते कळलंही नाही. ताई मात्र हातावर चिकटलेल्या त्या नंबरांकडे बघत बसल्या. "मीच झाकलं होतं," एवढंच म्हणाल्या.

तासाभराने सिस्टर पुन्हा बोलल्या. "एका पिशवीत भागलं, ताई. दुसरी परत पाठवतेय. बाई पाणी मागतेय."

नंबर आता भिंतीवर आहेत. रुंद पडदाही आलाय, कोपऱ्यात खोक्यात आहे. माझे दिवस थोडेच उरलेत, हे मला कळतं. तळाशी राहिलेला डिंकाचा डाग मामा रोज घासतात, पण तो निघत नाही.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अडली, तर टाकून द्यायच्या आधी तिच्यावर काय काय चिकटवलंय, तेवढं सोडवून बघा. ती बिचारी सांगू शकत नाही. ती फक्त उजळत राहते.