मंगळवारचे तीन तास

महामार्गाच्या कडेच्या त्या जुन्या हॉटेलात बायको वारल्यापासून घड्याळजी आज पहिल्यांदाच आला होता. आला म्हणजे काय, त्याच्या ड्रायव्हर मित्राने त्याला दुकानातून जवळजवळ उचलूनच टॅक्सीत घातलं. तरुणपणी दोन्ही जोडपी दर महिन्याला इथे यायची आणि एका आमलेटचे चार भाग करून तासन्‌तास गप्पा झोडायची. आज माणसं तीनच: ड्रायव्हर, त्याची बायको, जिला घड्याळजी वहिनी म्हणे, आणि हा.

टेबलं तीच, फाटक्या लाल रेक्झिनच्या खुर्च्याही त्याच. सूप आलं. ड्रायव्हरने जुने किस्से काढले, पण घड्याळजी नुसता हं हं करत होता. त्याच्या पोटात सात महिने एकच प्रश्न कुजत पडला होता. मंगळवारी ती जायची कुठे?

बायकोचे उपचार दर मंगळवारी असत. याला दुकान सोडवत नसे, म्हणून सोबत वहिनी जाई. बायको घरी यायची सात वाजता आणि म्हणायची, दवाखान्यात फार गर्दी. एकदा तिथल्या नर्सशी सहज बोलताना याला कळलं, की तिला चारलाच सोडतात. झालं! मनात पाल चुकचुकली. आता भल्या माणसा, देवाने तोंड दिलंय, विचारून मोकळं व्हावं की नाही? पण छे. साहेबांनी अबोला धरला. लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात हुशार, घरात मात्र अक्कल गहाण. 'औषध घेतलंस?' याखेरीज शब्द नाही. असे पाच महिने, थेट ती जाईपर्यंत. त्यालाही आता दोन महिने झाले.

शेवटी त्याने चमचा खाली ठेवला आणि वहिनीला विचारलंच.

वहिनीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, तिने शपथ घातली होती, पण आता कसली शपथ. दोघी इथेच यायच्या, त्या कोपऱ्यातल्या बाकावर. औषधाने तिला हुडहुडी भरायची, ओकाऱ्या व्हायच्या. इथल्या मालकीणबाई अंगावर ब्लँकेट घालायच्या. कापरं थांबलं की ती तोंड धुवायची, केस नीट करायची, गालांना जराशी पावडर लावायची आणि मगच म्हणायची, चल, आता घरी जाऊ. नवऱ्याने तसं पाहिलं असतं तर हाय खाल्ली असती, असं तिचं म्हणणं.

घड्याळजीने सूपची वाटी बाजूला सारली. त्याने कसंबसं विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायची?"

"बोलायची की. म्हणायची, ह्यांना सगळं कळलंय. सातला येते, तरी कुठे होतीस म्हणून एका शब्दाने विचारत नाहीत. मला खोटं बोलायला लागू नये म्हणून गप्प राहतात बिचारे." वहिनीने डोळे पुसले. "शेवटच्या मंगळवारीही हेच म्हणाली. त्यावरच तर तिने दिवस काढले, भावजी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. राग होता तो वहिनी, निव्वळ संशय होता, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते बोललं, तर तिच्याजवळ होतं तेवढंही आपणच हिसकावून घेतल्यासारखं होईल.

"हो," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

आणि मग मात्र तो हमसून हमसून रडला. ड्रायव्हर त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिला, की लेका, असा नवरा मिळायला नशीब लागतं. आणि ते त्याला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं.