कडी वाजवा, पळा

मी एक जुनी पितळी कडी आहे. सिंहाच्या तोंडात अडकवलेली, दारावर आपटण्यासाठी घडवलेली. मला ओतणारा कारागीर म्हणाला होता, "हिचा आवाज पार मागच्या खोलीत पोचेल."

पोचतो. तेच तर...

थांबा, क्रमाने सांगते.

या घरात दोघी बहिणी राहायच्या. थोरली नर्स, धाकटी शिवणकाम करायची. बेल बसवली तेव्हा धाकटी म्हणाली, "बेल परक्यांना. मी आपली कडीच वाजवणार." पुढे दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. धाकटी निघून गेली. मला हात लावणारं कुणी उरलं नाही. मी काळी पडले.

मग आजची सकाळ. एका ऑफिसातली माणसं आमच्या जुन्या गल्ल्यांत शोधाशोधीचा खेळ खेळायला आली. आपसात मनं जुळावीत म्हणून म्हणे! चिठ्ठीत होतं: सिंहाची कडी शोधा, वाजवा, फोटो काढा, पळा.

पहिल्या गटाने मला आपटलं. मित्रांनो, मी खणखणले! "काय आवाज आहे राव!" कुणीतरी म्हणालं. मी फुलून गेले.

आतून थोरली: "आले गं, आले!"

वॉकरची खटखट. भिंतीचा आधार. पुन्हा खटखट. दार उघडलं.

रिकामी गल्ली.

दुसरा गट. "आले गं!" खटखट. या वेळी तिने केस विंचरले होते.

रिकामी गल्ली.

गप्प बसावं म्हटलं, तर कडीला तशी सोय नाही.

तिसऱ्या गटातल्या कॅशियरबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून त्या मागे राहिल्या. दार उघडलं.

"किती वाट बघायला लाव..." थोरली थांबली.

"सॉरी काकू, ऑफिसचा खेळ आहे. आम्हाला वाटलं, घर बंद असेल."

"बंद नाही हो. मला उठायला वेळ लागतो."

"मॅडम, पळा ना! नंबर जाईल!" गल्लीच्या टोकावरून हाक आली.

"जाऊ दे गेला तर!"

बाईंनी रुमाल काढून माझ्याभोवती गच्च बांधला. मला हायसं वाटलं. थोरलीने तो लगेच सोडला.

"नको. ती आली तर?"

मग बाई पायरीवरच बसल्या आणि उरलेल्या गटांना लांबूनच परतवत राहिल्या.

सगळे गेल्यावर थोरलीने मला घासूनपुसून लख्ख केलं. मित्रांनो, मला तोंड लपवावंसं वाटलं.

मला वाजवा, जरूर वाजवा. पण दार उघडेपर्यंत थांबा. आत कुणीतरी उठलेलं असतं.