न दुखणारी जखम

माले गावचे कोंडीराम अण्णा भाताच्या खळ्यावर आले की अर्धे स्वप्नातच असायचे. डोंगरावरून उतरलेलं धुकं, नव्या पेंढ्याचा वास, आणि चालताना वाटायचं आपण कापसावरून चाललोय. दहा वर्षांच्या शुगरनं तळपाय बधिर केले होते. अण्णांना मात्र त्यात सुखच वाटायचं!

खळ्यावर लक्ष्मी असते, तिथं चप्पल कुणी घालत नाही. अनवाणी फिरताना करंगळीच्या मुळाशी भाताचं धसकट घुसलं, ते अण्णांना कळलंही नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोला, गंगूबाईंना, सारवलेल्या जमिनीवर अण्णांच्या पावलांचे ओले डाग दिसले.

"बिब्बा तापवून लाव. दुखत न्हाई, म्हंजी बरंच व्हतंय," अण्णा म्हणाले. बिब्ब्यानं कातडी भाजली. तेही कळलं नाही.

आठवड्यानं उपकेंद्रातल्या नम्रता सिस्टर शुगर तपासायला घरी आल्या. त्यांनी पाय उचलून पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अण्णा, आजच्या आज दवाखान्यात चला. उशीर केलात तर पाय कापावा लागेल."

"पर दुखत न्हाई की वो!"

"तेच तर वाईट! तुमचा पाय आता सांगू शकत नाही, मग डोळ्यांनी बघायला नको? आणि लक्ष्मी कधी चपलेवर रुसते का? तुमचा पाय गेला तर तिलाच वाईट वाटेल."

अण्णा हादरले आणि गाडीत बसले. करंगळी गेली, पण पाय वाचला. मग इन्सुलिन, मलमपट्टी, आणि त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. दोन महिने अण्णा पडवीत पडून धुक्यातून गाव उजळताना बघत राहिले. गंगूबाई रोज त्यांचे तळवे निरखायच्या.

एका संध्याकाळी अण्णांनी गंगूबाईंचाच पाय हातात धरला.

"आवं, काय करताय! माज्या पायाला हात? पाप लागंल मला!"

"तुजी शुगर कवा तपासली गं?"

"मला काय धाड भरलीया?"

त्या पाय आखडून घेऊ लागल्या, पण अण्णांनी सोडला नाही. टाचेच्या भेगेत बाभळीचा काटा मोडलेला होता, भोवती रक्त वाळलेलं. गंगूबाईंना पत्ताच नव्हता! अण्णांचे डोळे भरून आले.

"उद्या दवाखान्यात जायचं. दोगं मिळून."

शुगर असलेल्यानं दुखण्याची वाट बघू नये. अनवाणी फिरू नये, तळवे रोज बघावेत आणि जखम लहान असतानाच डॉक्टरांना दाखवावी. आणि जी बाई घरातल्या सगळ्यांचे पाय बघते, तिचेही पाय कुणीतरी बघावेत!