चहाच्या पेटीला शिवणीचं अस्तर

डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून शब्दही काढायचा नाही असं सांगितलं, तेव्हा राघवेंद्रला आधी हायसंच वाटलं. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये तो अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता. पहाटे साडेपाचची बॅच, मग सातची, मग पुन्हा परीक्षा देणाऱ्या रिपीटरांची, असं संध्याकाळपर्यंत. गळ्यात गाठी झाल्या होत्या. चौकातल्या फलकावर मात्र त्याचा हसरा फोटो होता.

पहिले चार दिवस तो नुसता झोपला. पाचव्या दिवशी सकाळी ओट्याशी बसून त्यानं बायकोला चहा करताना पाहिलं. मृण्मयी चाकूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सातची एसटी गाठायच्या आधी एक कप चहा, एवढीच तिची चैन. तिचा भाऊ नांदेडहून चांगली पत्ती पाठवायचा. एक घोट घेऊन ती स्वतःशीच म्हणाली, "आजही हिंगाचाच वास. कितीदा धुतला हा डबा."

हे ती आधीही म्हणाली असणार. त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं वहीत लिहिलं, 'मी पेटी करतो.' ती वाचून हसली आणि पर्स उचलून निघाली.

गल्लीच्या टोकाला गुरुपादप्पांचं सुतारकामाचं दुकान होतं. निलंग्याकडचा माणूस, साठीचा. हल्ली त्यांच्याकडे होस्टेलच्या कॉटा आणि टेबलं सोडून दुसरं काम नसे. राघवेंद्रनं वही पुढे केली.

"चहाची पेटी?" गुरुपादप्पांनी चष्मा वर केला. "आणि तुम्ही सोता करणार? करा की. मी बी प्लायवूड कापून कापून कंटाळून गेलोय सर."

बाहेरची पेटी सागाची करायची, हे लगेच ठरलं. प्रश्न आतल्या अस्तराचा होता. गुरुपादप्पांनी कोपऱ्यातली एक काळपट तुळई ओढली.

"हे घ्या. शंभर वर्षांचा साग. किल्लारीकडं भूकंपात घरं पडली, तवा आणलेला. आता असं लाकूड मिळत न्हाई."

राघवेंद्रनं तुळईवर हात ठेवला आणि काढून घेतला. वहीत लिहिलं, 'नको.'

"का वो? लई पक्कं हाय."

त्यानं वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, 'आमचं घर तिकडंच होतं. मी इथं बारावीला होतो. आई गेली.'

गुरुपादप्पांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी तुळई परत ढकलली आणि तिच्यावर प्लायवूडचे दोन तक्ते उभे केले. "बसा. च्या सांगतो," म्हणाले.

चहा पिता पिता त्यांनीच उपाय सुचवला. चहाची पत्ती शेजारचा वास ओढून घेते. तेव्हा आधी पत्तीलाच विचारायचं. राघवेंद्रनं औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून वाळवल्या. प्रत्येकीत चमचाभर पत्ती आणि एकेका लाकडाचा भुसा घालून बुचं घट्ट लावली. चार दिवस थांबला. थांबणं त्याला जमतं, हे त्याला माहीत नव्हतं.

रविवारी मृण्मयी एकेक बाटली हुंगत बसली. "हा देवदार ना? देवळात बसून चहा प्यायल्यासारखं वाटेल." कडुनिंबाला तिनं नुसतं तोंड वाकडं केलं. नव्या सागाला तेलकट वास होता. आंबा बरा, पण जरासा आंबूस. शेवटची बाटली तिनं पुन्हा पुन्हा नाकाशी नेली.

"याला काहीच वास नाही. नुसता चहा. कसलं लाकूड?"

त्यानं लिहिलं, 'शिवण.'

"शिवण झ्याक," दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा म्हणाले. "हलकी, वाकत न्हाई. पण आतून पॉलिश मारू नका. आणि फेव्हिकॉल दिसला न्हाई पाहिजे कुठं."

पातळ फळ्या रंध्यानं तासून खाचेत बसवायला त्याला बारा दिवस लागले. दोन फळ्या चिरल्या. बोटाला कापलं. संध्याकाळी खांदे भरून यायचे, पण ते दुखणं वेगळं होतं. त्यात घसा नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात क्लासच्या संचालकांचा घरी फोन आला. मृण्मयीनं घेतला.

"मॅडम, सरांना पाठवा. रिपीटर बॅचची चारशे मुलं बसलीत. माईक देतो की चांगला."

"माईक आवाज वाढवतो सर. मुळात आवाज तर पाहिजे."

"मग किती दिवस म्हणायचे अजून?"

तिनं राघवेंद्रकडे पाहिलं. त्याचे हात भुशानं भरले होते. "डॉक्टर म्हणतील तितके," ती म्हणाली, "आणि नंतरही दोनच बॅचेस." फोन ठेवून ती सतरंजीवर बसली. राघवेंद्र तिच्याजवळ येऊन बसला. ती म्हणाली, "मी न विचारताच बोलून गेले." त्यानं भुशाच्या हातानंच तिचा हात धरला.

पेटी झाली. झाकण जरा घट्ट बसलं, उघडायला दोन्ही हात लागत. तिनं तिच्यात पत्ती ओतली. आठवड्यानंतर म्हणाली, "आता बरं लागतंय."

आवाज परत यायला सहा आठवडे लागले, आणि आला तो फाटका. क्लासनं दोन बॅचेस कबूल केल्या. साडेपाचची दुसऱ्या सरांना गेली. चौकातल्या फलकावर आता त्यांचा फोटो होता. रुजू झाला त्या दिवशी राघवेंद्र त्या फलकाखालूनच स्कूटर घेऊन गेला. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुपारी एक वाजता तो घरी पोचला, जेवला, आणि सतरंजीवर आडवा होऊन झोपला. मृण्मयी शाळेतून परतली, तरी तो उठला नव्हता. तिनं त्याला उठवलं नाही.